अहिराणी कॉमेडी लिहिणाऱ्यांना खुलं पत्र: आता घराबाहेर पडा

राम राम मंडई,

धुळे, जळगाव, नंदुरबार आणि तिकडं मालेगाव-सटाण्यापर्यंत अहिराणीतून विनोदी मालिका करणारे, परक्या कार्टूनवर आपल्या बोलीचा आवाज चढवणारे आणि आता स्वतःची कार्टून काढायला लागलेले तुम्ही सगळे, तुमच्यासाठी हे पत्र आहे. त्यातही जे लिहितात त्यांच्यासाठी जास्त.

तुमचं काम लहान नाही. वर्गात अहिराणी बोललं की पोराला गप्प बसवायचे, तो काळ फार जुना झालेला नाही. आज सुरतेत कामाला गेलेला आपला पोरगा रात्री खोलीवर जेवायला बसला की मोबाइलवर तुमचाच भाग लावतो. लग्नघरी, एसटीत, पानटपरीवर तुमची वाक्यं लोक एकमेकांना ऐकवतात. संमेलनं आणि ठराव यांनी जे झालं नसतं ते तुम्ही केलंत. म्हणूनच तुमच्याकडं हक्कानं काही मागतोय.

तुमच्यातल्या बऱ्याच मालिकांना आता काही वर्षं झाली. नवरा-बायकोचं भांडण, सासू-सून, बेवडा, उधारी मागायला आलेला दुकानदार, पोरगी बघायला आलेले पाहुणे. एवढ्या भांडवलावर सुरुवात झकास होते. पुढं मात्र तेच भांडण थोड्या मोठ्या आवाजात होतं, मग त्यात शिव्या येतात, मग प्रत्येक वाक्यामागं 'धडाम' वाजायला लागतं. प्रेक्षक काही दिवस हसतो आणि मग बोट वर सरकवतो. ही वेळ प्रत्येक लांबलेल्या मालिकेवर येते. ती आली तेव्हा एका मालिकेनं काय केलं, ते मला तुमच्यापुढं मांडायचंय. मालिका अमेरिकेची आहे, पण तिच्या चौथ्या सीझनमध्ये जे घडलं ते आपल्या फार कामाचं आहे.

'द सिम्प्सन्स' तुमच्यातल्या अनेकांनी स्टार वर्ल्डवर किंवा पुढं मोबाइलवर पाहिलं असेल. मॅट ग्रेनिंगनं काढलेलं हे पिवळं कुटुंब १९ एप्रिल १९८७ रोजी ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात पहिल्यांदा दिसलं. एकेक-दोन मिनिटांचे असे ४८ तुकडे झाले; आज तुम्ही रील करता त्याच मापाचं काम. मग जेम्स एल. ब्रुक्स आणि सॅम सायमन या निर्मात्यांच्या साथीनं १७ डिसेंबर १९८९ पासून अर्ध्या तासाची मालिका सुरू झाली. पहिल्या गोष्टी अगदी घरातल्या होत्या. बाप होमरला बोनस मिळत नाही, सण तोंडावर आलाय, पोरांना काय द्यायचं? १९९० साली पोरगा बार्ट एवढा गाजला की त्याचे टी-शर्ट दुकानादुकानांत लटकले. त्या यशावर विसावून बार्टच्या खोड्यांवरच वर्षानुवर्षं काढता आली असती. त्यांनी ते केलं नाही.

चौथा सीझन २४ सप्टेंबर १९९२ ते १३ मे १९९३ या काळात आला. २२ भाग. अल जीन आणि माइक रीस हे दोघं तेव्हा लेखनाचे प्रमुख होते. याच सीझनमध्ये चित्रांचं काम क्लास्की-चुपो या स्टुडिओकडून काढून फिल्म रोमनकडं गेलं. पहिले दोन भाग तेवढे जुन्या स्टुडिओनं केलेले. कार्टूनचा स्टुडिओ बदलणं म्हणजे केवढी उलथापालथ, हे तुम्हाला सांगायला नको. तरीही मालिका डगमगली नाही. उलट ती याच काळात सर्वात जास्त फुलली. माझ्या मते याचं कारण एकच: मालिकेचा जीव कागदावर होता, आणि कागद मजबूत होता.

बदल एका फटक्यात झाला नाही, दुसऱ्या-तिसऱ्या सीझनपासूनच त्याची चाहूल होती. पण चौथ्यात तो पक्का झाला. गोष्टीचा मध्य बार्टकडून होमरकडं सरकला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घराबाहेर पडून गावात गेला. स्प्रिंगफिल्ड हे गाव स्वतःच एक पात्र झालं.

याचा सर्वात मोठा पुरावा म्हणजे १४ जानेवारी १९९३ चा मोनोरेलचा भाग. लिहिला कोनन ओब्रायननं. तेव्हा तो टीममध्ये नवा होता. ही कल्पना त्यानं मांडली तेव्हा प्रमुखांना ती जरा वेडीच वाटली होती, आधी दुसरं काही घेऊन ये असं त्याला सांगितलं होतं. ब्रुक्सना मात्र ती मनापासून आवडली. गोष्ट अशी: अणुकचरा वाटेल तिथं टाकल्याबद्दल कारखानदार बर्न्सला ३० लाख डॉलरचा दंड होतो आणि तो पैसा गावाला मिळतो. आता या पैशाचं करायचं काय, म्हणून सभा भरते. होमरची बायको मार्ज म्हणते, मुख्य रस्त्याचे खड्डे बुजवा. सभा जवळजवळ तयार होते. तेवढ्यात एक गोडबोल्या उठतो, मोनोरेलचं स्वप्न दाखवतो, गाणं म्हणायला लागतो, आणि अख्खी सभा त्याच्या मागं गात सुटते. खड्डे राहतात तिथंच.

आता मला सांगा, ही ग्रामसभा तुम्ही पाहिलेली नाही का? वित्त आयोगाचा निधी आलाय, गटारीचा विषय निघालाय, आणि कुणीतरी उठून म्हणतंय की आपण आधी गावाच्या वेशीला भव्य कमान बांधू. टाळ्या. या दृश्यात विनोद कुणा एका पात्राचा नाही. महापौर, दारूच्या अड्ड्याचा मालक, शाळेचा मुख्याध्यापक, आजोबा, प्रत्येकाला तिथं आपापल्या स्वभावाचं एक वाक्य आहे, आणि सगळ्यांचा मिळून गावाचा एक स्वभाव तयार होतो: भुलणारा, विसरणारा, आणि तरी आपला वाटणारा. एवढं करायला आधीच्या तीन सीझनमध्ये ही माणसं एकेक करून पेरून ठेवावी लागली होती. सभेत वाक्य बोलायला आधी गावात माणूस असावा लागतो.

आपल्याकडं रेल्वेचे विषय काय कमी आहेत? पाचोरा-जामनेरची पीजे, ती चिमुकली नॅरोगेज गाडी, २०२० मध्ये थांबली. तिच्यावर पिढ्या वाढल्या. तिकडं मनमाड-इंदूर मार्गाची चर्चा धुळ्याकडच्या आजोबांनी ऐकली, बापानं ऐकली, नातवानं ऐकली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला मंजुरी दिली. एक भाग लिहा ना, की गावातल्या अण्णांनी तरुणपणी 'स्टेशन इथंच होणार' म्हणून बांधाकडेची एक पट्टी राखून ठेवली, विकली नाही, पेरली नाही, पोरांशी त्यापायी भांडले. मंजुरीची बातमी आली त्या दिवशी अण्णा काय करतील? अण्णांचा भाऊ काय करेल? आणि ज्या पुढाऱ्यानं दर निवडणुकीत त्या पट्टीवर उभं राहून भाषण केलं तो? यात विनोदही आहे आणि एका माणसाचं अख्खं आयुष्यही आहे. यासाठी मोठा पैसा लागत नाही. बसून लिहावं लागतं.

त्याच सीझनमधला ११ मार्च १९९३ चा भाग घ्या, जे कोगेन आणि वॉलेस वोलोडार्स्की यांनी लिहिलेला. विषय कामगार संघटना आणि संप. असा विषय विनोदी मालिकेत आणायचा तर भाषणबाजी होणार अशी भीती वाटते. त्यांनी काय केलं? लेक लिसाच्या दातांना तार बसवायची आहे, आणि नेमका त्याच वेळी कारखाना दातांच्या खर्चाची सोय काढून घेतोय. होमरच्या मंद डोक्यात ही दोन वाक्यं आळीपाळीनं वाजत राहतात आणि फार उशिरा त्यांची सांगड बसते. बस, तिथून तो थेट संघटनेचा अध्यक्ष होतो. मोठा विषय घरातल्या छोट्या गरजेतून उगवला की भाषण लागत नाही. अमळनेरच्या प्रताप मिलची आठवण ज्यांच्या घरात अजून आहे त्यांनी हा भाग जरूर बघावा. आणि कापसाचं म्हणाल तर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर लागलेली ट्रॅक्टरची रांग, आणि त्या रांगेत पोरीच्या होस्टेलची फी भरायची शेवटची तारीख डोक्यात घेऊन बसलेला बाप, एवढ्यावर तुमचा सगळा भाग उभा राहील.

आता वेगाबद्दल. चौथ्या सीझनमध्ये विनोदाचा वेग खूप वाढला. पहिल्या सीझनची शांत, थोडी उदास चाल गेली. एका मिनिटात पाच-सहा गमती यायला लागल्या, सिनेमांच्या नकला आल्या, अशक्य गोष्टी घडायला लागल्या. माझा जीव मात्र जिथं अडकतो ती जागा वेगळी आहे. १७ डिसेंबर १९९२ च्या भागात होमरच्या हृदयाचं ऑपरेशन असतं. तो पोरांचा निरोप घ्यायला बसतो आणि त्याला शब्दच सुचत नाहीत. तेव्हा पोरंच त्याच्या कानात शब्द सांगतात. त्यातही बार्ट बापाच्या तोंडून लिसाची खोडी काढतो! हसता हसता पोटात खड्डा पडतो. त्याच्या दोन आठवडे आधीच्या भागात धाकटी मॅगी आयुष्यातला पहिला शब्द बोलते, 'डॅडी', आणि तो ऐकायला खोलीत कुणी नसतं. त्या एका शब्दाला आवाज होता एलिझाबेथ टेलरचा. वेग वाढवायला हरकत नाही, पण असा एक क्षण प्रत्येक भागात राखून ठेवावा लागतो. पुढच्या काळात होमर अधिकाधिक आडदांड होत गेला आणि हे क्षण विरळ झाले, असं अनेक जुन्या चाहत्यांचं म्हणणं आहे. मलाही तसंच वाटतं. वाढीचं बी आणि घसरणीचं बी दोन्ही याच सीझनमध्ये पडलेली दिसतात. तुमच्या बेवड्या पात्राला घरी वाट बघणारी आई आहे का, हे मी म्हणूनच विचारतोय.

माणसं कुठून आणायची, बजेट नाही, असं तुम्ही म्हणाल. सहा जण. होमर, मार्ज, बार्ट, लिसापासून गावातल्या बहुतेक पात्रांपर्यंत मुख्य आवाज सहा जणांचे. डॅन कॅस्टेलानेटा एकटा होमर, आजोबा, बेवडा बार्नी, जोकर क्रस्टी आणि महापौर असे सगळे बोलतो. नोव्हेंबर १९९२ च्या एका भागात होमर बर्फ उपसायची गाडी घेऊन धंदा सुरू करतो आणि त्याचा दोस्त बार्नी त्याच्याच विरोधात तोच धंदा काढतो. दोन मित्रांचं ते भांडण म्हणजे एकाच माणसाचे दोन आवाज आहेत. त्या भागासाठी कॅस्टेलानेटाला एमी हा अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. आपल्या भागात तर सोंगाड्याची परंपरा आहे. बतावणीत एकच माणूस तीन आवाज काढतो आणि गाव बदललं की वाक्य बदलतो. ही कला आपल्या रक्तात आहे, तिला मायक्रोफोनपुढं बसवा. रावेर-यावलची लेवा बोली वेगळी, धुळ्याची अहिराणी वेगळी, शिरपूर-शहाद्याकडची आणखी वेगळी. आवाज ऐकताच माणूस कुठला ते कळलं पाहिजे.

इथं एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. त्याच मालिकेत अपू नावाचा भारतीय दुकानदार आहे. त्याला आवाज देणारा हँक अझारिया भारतीय नव्हता. त्या उच्चारांची नक्कल करून अमेरिकेतल्या भारतीय पोरांना शाळेत वर्षानुवर्षं चिडवलं गेलं. लोक उघड बोलायला लागले, आणि २०२० च्या जानेवारीत अझारियानं तो आवाज देणं थांबवल्याचं जाहीर केलं. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा माणसाच्या बोलण्याची नक्कल आपल्या काही व्हिडिओंत ज्या तऱ्हेनं होते, ती पाहून मला अपू आठवतो. अहिराणीची थट्टा आपण सोसलीय. तोच त्रास धडगाव-अक्कलकुव्याच्या पोराला आपल्या हातून व्हायला नको. तिथली पोरं आता कॅमेरा धरतात, लिहितात. त्यांना तुमच्या टेबलावर बोलवा, ती स्वतः आपल्या माणसांवर विनोद करतील आणि तो विनोद तुमच्यापेक्षा सरस असेल.

टेबल हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण सगळं तिथंच घडलं. एक जण कच्चा भाग लिहून आणायचा. मग सगळे लेखक एका खोलीत बसून तो ओळीओळीनं मोडायचे आणि पुन्हा बांधायचे. मग कलाकार एकत्र वाचून दाखवायचे. जिथं हसू आलं नाही ती ओळ बाद. मग आवाज रेकॉर्ड, मग कच्ची चित्रं, ती बघून पुन्हा बदल, मग पक्क्या चित्रांसाठी दक्षिण कोरिया, आणि तिकडून रंगीत भाग आल्यावर पुन्हा कात्री. एका भागाला कित्येक महिने लागायचे. पडद्यावर नाव एकाचं, घाम सगळ्यांचा. जॉर्ज मायरसारखा लेखक या खोलीतल्या कामासाठीच ओळखला जातो. दुसऱ्याच्या नावाच्या भागांत त्याच्या किती ओळी असतील कोण जाणे.

या कामाची किंमतही त्यांनी मोजली. सीझनच्या शेवटाकडं माणसं थकली होती. १ एप्रिल १९९३ चा भाग जुन्या तुकड्यांची जोड लावून केला, तो या थकलेल्या लोकांना थोडी उसंत मिळावी म्हणून. आणि याच टीमनं केलेला पण पुढच्या सीझनमध्ये, ऑक्टोबर १९९३ मध्ये दाखवला गेलेला एक भाग वेळेत कमी भरत होता. तेव्हा सूड घ्यायला निघालेल्या खलनायकाचा पाय दाताळ्यावर पडतो आणि दांडा तोंडावर आदळतो, हीच गोष्ट त्यांनी नऊ वेळा दाखवली. आधी हसू येतं, मग कंटाळा येतो, आणि मग पुन्हा असं हसू येतं की आवरत नाही. आज तो प्रसंग कार्टूनच्या इतिहासात गाजतोय. तीच गंमत पुन्हा पुन्हा करणं आणि पुनरावृत्तीतूनच गंमत घडवणं यातला फरक शिकायचा तर ही नऊ दाताळी बघा.

त्यानंतर सुरुवातीच्या लेखकांपैकी बरेच जण गेले. जीन आणि रीस दुसरी मालिका करायला गेले, कोगेन-वोलोडार्स्की गेले, सॅम सायमन गेले, कोनन रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार झाला. डेव्हिड मिर्किन नावाचा नवा प्रमुख आला. मालिका बंद पडली नाही. आज तिचे साडेसातशेहून जास्त भाग झालेत. कारण जाणाऱ्यांनी गाव उभं करून ठेवलं होतं, आणि नव्यांना आधीच आत घेतलं होतं. मार्जला कारखान्यात नोकरी लागते त्या भागाची मूळ कल्पना कोननची. लिहायला दिली बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन या दोन नव्या पोरांना. काही वर्षांत तेच दोघं मालिकेचे प्रमुख झाले.

आपल्याकडं बहुतेक मालिका एका माणसावर चालतात. तोच लिहितो, तोच नाचतो, तोच एडिटिंग करतो, तोच चॅनल सांभाळतो. तो आजारी पडला किंवा रुसला की अख्खी मालिका बसली. आणि जिथं लिहिणारा वेगळा आहे तिथं त्याचं नाव शोधूनही सापडत नाही. कलाकाराचं नाव थंबनेलवर, निर्मात्याचं दोनदा, गाडी देणाऱ्याचे आभार. लिहिणाऱ्याचं कुठंच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढचा सीझन शूट करायच्या आधी कॅमेरा महिनाभर पिशवीत ठेवा. चार-पाच जणांनी बसा. त्यात किमान दोन बाया असू द्या, कारण आपल्या सणांची, आखाजीच्या गौराईची आणि कानबाईच्या रोटांची गंमत त्यांच्याइतकी आपल्याला ठाऊक नाही. गावाचा नकाशा काढा: सोसायटीचा सेक्रेटरी, केळीचा व्यापारी, पोस्टमन, भजनी मंडळातला बेसूर बुवा, सुरतेहून दिवाळीला आलेला भाऊ, नव्यानं बदली होऊन आलेली ग्रामसेविका. प्रत्येकाला काय हवंय आणि तो कशाला घाबरतो ते लिहून ठेवा. जमलेला भाग कलाकारांकडून मोठ्यानं वाचून घ्या, आणि ज्या ओळीला कुणी हसलं नाही ती आवडती असली तरी काढा. आणि ज्यानं लिहिलं त्याचं नाव भागाच्या सुरुवातीला, मोठ्या अक्षरांत द्या, त्याचे पैसे भाग पाहिला गेला की नाही याची वाट न बघता लिहून झाल्यावर द्या.

जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. तिथल्या आणि धुळे-नंदुरबारच्या कॉलेजांतल्या मराठीच्या प्राध्यापकांनाही या पत्राची प्रत समजावी. तुमच्या वर्गात असा लिहिणारा एखादा पोरगा, एखादी पोरगी नक्की बसलेली असते. तिला या मंडळींचा पत्ता द्या.

तुमचा,
एक प्रेक्षक, अमळनेर